मांजर वाचवायचं तर खर्च किती? हुलसूर परिसरासाठी हिशोब

बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरसारख्या तालुक्याच्या गावी पाच-सात जणांनी मिळून मोकाट मांजरांसाठी काम करायचं ठरवलं, तर पहिल्या वर्षाला साधारण पावणेदोन लाख रुपये लागतील. आकडा आधीच सांगितलेला बरा. अशी कामं उत्साहात सुरू होतात, दोन महिने खिशातून चालतात आणि तिसऱ्या महिन्यात औषधांच्या दुकानाची उधारी चढली की थांबतात. तोवर ज्या घराच्या ओसरीवर चार मांजरं सांभाळायला ठेवलेली असतात, तिथं ती बारा झालेली असतात.

या रकमेत सगळ्यात मोठा वाटा खाण्याचा नसतो, आणि निवारा बांधण्यावर तर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नये. पैसा जातो नसबंदीच्या शस्त्रक्रियेवर आणि त्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवणाऱ्या गाडीभाड्यावर. तो तिथंच जायला हवा, असं माझं ठाम मत आहे. का, ते पुढच्या हिशोबात दिसेल. इथले दर छोट्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांचा आणि दुकानांचा साधारण अंदाज म्हणून घ्यावेत. निघण्याआधी फोन करून दर पक्का विचारून घ्या.

न्यायचं कुठं?

मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. ते चालवणारी ‘बॉम्बे एसपीसीए’ ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ सालची. पुण्याला ‘रेस्क्यू’ ट्रस्ट आहे. इंग्लंडात १९२७ साली सुरू झालेली ‘कॅट्स प्रोटेक्शन’ ही केवळ मांजरांसाठीची संस्था आजही गावोगावच्या स्वयंसेवकांच्या शाखांवर चालते. हुलसूर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या पट्ट्यात असं काही शोधत बसण्यात अर्थ नाही. पण इथल्या लोकांच्या हाताशी असलेली एक गोष्ट अनेक मोठ्या गावांकडे नाही. एका बाजूला बीदरच्या नंदीनगरला कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचं महाविद्यालय आहे आणि दुसऱ्या बाजूला, राज्याची हद्द ओलांडली की, उदगीरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं महाविद्यालय. दोन्हीकडे शिकवण्याचं रुग्णालय आहे. अशा रुग्णालयात केसपेपरचं शुल्क थोडं असतं, औषधं आणि टाके घालायचं सामान कधी तिथून मिळतं, कधी बाहेरून आणावं लागतं. वेळ जास्त जातो, कारण विद्यार्थ्यांना दाखवत काम चालतं. पण सर्जन, भूल देणारे डॉक्टर, एक्स-रे आणि रक्ततपासणी एका आवारात मिळते, आणि आपल्या कामाला नेमकं तेच लागतं.

जाण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. मांजरांच्या शस्त्रक्रिया कोणत्या वारी होतात? एका दिवसात किती मांजरं घेतील? वेदनाशामक इंजेक्शन देतात का? बाहेरून काय आणायचं? रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस टाळा. मराठीत बोललात तर उदगीरला अडचण नाही. बीदरला कन्नड बोलणारा एक जण सोबत असला तर काम लवकर होतं.

गावातला किंवा तालुक्याचा सरकारी पशुदवाखाना मुख्यतः गुरांसाठी असतो, पण जखम धुणं, जंताचं औषध, रेबीजची लस एवढ्यासाठी आधी तिथंच जावं. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुदवाखान्याचा आहे. तोही प्रामुख्यानं गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी. मांजरासाठी गाडी येईल असं धरून चालू नका, सल्ला मात्र विचारता येतो.

आता गाडीभाडं. हुलसूरहून बीदर किंवा उदगीर, कुठंही गेलात तरी जाऊन-येऊन सव्वाशे ते दीडशे किलोमीटर धरून चला. भाड्याची गाडी किलोमीटरला चौदा रुपयांनी मिळाली तर १४० किलोमीटरचे १,९६० रुपये, वर चालकाचा थांबण्याचा भत्ता ३०० रुपये. एका मांजरासाठी हा खर्च केला तर मादीच्या शस्त्रक्रियेच्या निम्म्याइतके पैसे रस्त्यावर गेले. सहा मांजरं एकत्र नेली तर प्रत्येकीमागे पावणेचारशे पडतात. म्हणून या कामातलं सगळं वेळापत्रक फेरीभोवती बांधायचं. तीन महिन्यांतून एक फेरी, फेरीला सहा मांजरं. बसनं एखाद-दुसरं मांजर नेता येतं, पण आधी वाहकाला विचारा आणि पिंजरा कापडानं झाका. मार्च ते मे या काळात पहाटेच निघा. बंद पिंजऱ्यात, उन्हात तापलेल्या गाडीत मांजर अर्ध्या तासात दगावू शकतं.

पहिला रुपया शस्त्रक्रियेला

मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भ नऊ आठवड्यांचा असतो. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि आपल्या हवामानात हे जवळजवळ वर्षभर चालतं. वर्षाला दोन-तीन वेत, वेताला तीन-चार पिल्लं. त्यातली निम्मी जगत नाहीत. ती मरतात रस्त्यावर, कुत्र्यांच्या तोंडी, साथीनं. त्या मरण्याला कुणाचे पैसे लागत नाहीत, म्हणून ते हिशोबात दिसत नाही.

आता जगवायचं ठरवलं तर काय होतं ते पाहा. एका पिल्लाला तिहेरी लसीचे दोन डोस, डोसाला नऊशे धरले तर १,८००. रेबीज तीनशे. जंताचं औषध शंभर. दोन महिन्यांचं खाणं हजार. म्हणजे सुमारे सव्वातीन हजार, आणि चार पिल्लांच्या वेताला तेरा हजारांच्या आसपास. हे सगळी निरोगी राहिली तर.

मादीची नसबंदी खासगीत तीन ते सहा हजारांच्या दरम्यान असते. चार हजार धरू. पावणेचारशे गाडीचे, तीनशे रेबीजच्या लसीचे, नंतरची औषधं आणि पिंजऱ्यातलं खाणं चारशे. झाले पाच हजार पंचाहत्तर. शिकवण्याच्या रुग्णालयात यातला मोठा आकडा बराच खाली येतो. म्हणजे एका वेताच्या निम्म्याहून कमी पैशांत तिची पुढची सगळी वेतं थांबतात. बोक्याची शस्त्रक्रिया लहान असते, दीड ते साडेतीन हजारांत होते, आणि गाडी-लसीसह सव्वातीन हजार धरावेत. पैसे कमी असतील तर आधी माद्या. एक बोका राहून गेला तरी बाकीच्या माद्यांना पिल्लं होतात, पण शस्त्रक्रिया झालेल्या मादीला होत नाहीत.

लोक दोन शंका हमखास काढतात. पहिली, शस्त्रक्रियेनंतर मांजर उंदीर धरणार नाही. तुरीची, सोयाबीनची, हरभऱ्याची पोती घरात भरलेली असतात, तेव्हा ही भीती खोटी म्हणून झटकू नये, नीट उत्तर द्यावं. शिकारीचा आणि माजाचा संबंध नाही. शस्त्रक्रिया झालेली मांजर उंदीर धरते, उलट बोक्यांच्या मागे गाव सोडून जात नाही. दुसरी शंका पापाची. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं मानणारी आपली माणसं आहेत. त्यांना एवढंच सांगावं की न जन्मलेल्या पिल्लाला कुणी मारत नाही, आणि जन्मलेली पिल्लं पोत्यात घालून वेशीबाहेर सोडली जातात ते मात्र दर पावसाळ्यात घडतं. तसं सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यातला दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे त्याचा धाक कुणाला वाटत नाही. विष घालून किंवा मारहाण करून मांजर मारणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं. तिथं पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडची बरीच मांजरं मोकाटही नसतात आणि पाळीवही नसतात. सकाळी एका घरी ताक, दुपारी दुसऱ्या घरी भाकरी, रात्र तिसऱ्याच्या माळवदावर. उचलण्याआधी त्या तिन्ही घरी सांगा, होकार घ्या, शक्य तर वहीत सही घ्या. न विचारता नेलेल्या एका मांजरामुळे पूर्ण गल्ली तुमच्याविरुद्ध जाते आणि पुढची वीस मांजरं हातची जातात. होकारासोबत खर्चातला वाटाही मागा. पाचशे मिळाले तरी चालतील. ज्या घरानं पैसे दिले ते घर टाक्यांची काळजी घेतं.

साहित्य एकदाच घ्यायचं. तीन-चार कडक प्लॅस्टिकचे किंवा जाळीचे प्रवासी पिंजरे, प्रत्येकी आठशे ते दीड हजार. हाताला न येणाऱ्या मांजरांसाठी दार आपोआप पडणारा सापळा विकत घेतला तर अडीच ते पाच हजारांना पडतो. नमुना दाखवला तर गावातला वेल्डिंगवाला त्याहून स्वस्तात करून देतो, फक्त जाळीच्या कडा आत टोकदार राहू देऊ नका. शस्त्रक्रियेनंतर ठेवायला एक मोठा पिंजरा. जुन्या चादरी, हातमोजे, टॉर्च घरातून निघतात. बारा हजारांत हे सगळं बसतं.

सापळ्यात सुकी मासळी किंवा उकडलेलं चिकन ठेवावं. मांजर अडकलं की लगेच वरून जाड कापड टाकावं. अंधार झाला की ते शांत होतं. मोठ्या मांजराला आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नये, पाणी चालतं. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारा. अंगावर पिणारी पिल्लं असतील तर ती स्वतः खायला लागेपर्यंत आईला नेऊ नये.

भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक छाटून घ्यायला सांगा. ऐकायला कठोर वाटतं, पण ते भुलीत होतं, लवकर भरतं, आणि लांबूनही दिसतं. ते मांजर मग पुन्हा पकडलं जात नाही, पुन्हा भूल दिली जात नाही, पुन्हा पैसे जात नाहीत. जगभर मोकाट मांजरांवर काम करणारे हीच खूण वापरतात.

परतल्यावर बोक्याला एक-दोन दिवस आणि मादीला पाच-सात दिवस पिंजऱ्यात ठेवायचं. टाके चाटू नयेत म्हणून लहान बाळाच्या मोज्याचा किंवा जुन्या बनियनचा अंगरखा शिवता येतो. टाक्याच्या जागी सूज, वास, पू किंवा चोवीस तास खाणं बंद दिसलं तर थांबू नका. नंतर मांजर जिथून उचललं तिथंच सोडायचं. नव्या जागी सोडलेलं मांजर भांडणात मरतं किंवा जुन्या जागेच्या ओढीनं रस्त्यावर जातं.

पिल्लं सापडली तर

आधी उचलू नका. कडब्याच्या गंजीत, माळ्यावर, बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिल्लं दिसली, की आई सोडून गेली असं लोक धरून चालतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं हे आपल्या आज्या सांगत आल्या, त्यात निरीक्षण खरं आहे. ती जागा बदलत असते, एकेक करून नेते, किंवा खायला गेलेली असते. पिल्लं शांत, गरम आणि पोट भरलेली दिसत असतील तर लांबून काही तास नजर ठेवा. कुत्री किंवा पाऊस असेल तरच लगेच हलवा, आणि तेही जवळच.

आई नाहीच हे नक्की झालं, तर खर्च वाढतो. गाईचं दूध पाजू नका. त्यानं हगवण लागते आणि इतक्या लहान जिवाला हगवण म्हणजे दोन दिवसांत शेवट. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, डबा सहाशे ते दीड हजारांना, आणि तो बीदर, लातूर, हैदराबादहून मागवावा लागतो. म्हणून एक बंद डबा कायम घरात असू द्या. रात्री अकराला पिल्लू आलं तर दुसरा मार्ग नसतो. पावडर येईपर्यंतची रात्र शेळीच्या कोमट दुधावर निभावून नेता येते.

पाजण्याआधी ऊब. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, दूध श्वासनलिकेत जाऊन पिल्लू मरू शकतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंग गरम झालं की मगच पाजा, आणि पालथं धरून पाजा, उताणं कधीच नको. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दर वेळी ओल्या कापसानं पोटाखाली हळू पुसावं लागतं, त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. चार आठवड्यांनी ते मऊ खाणं चाटायला लागतं.

पैशांपेक्षा हे माणसाचं काम आहे. नोकरी, शेती आणि शाळा सांभाळून तीन आठवडे रात्री उठणारं माणूस गटात नसेल, तर तसं स्पष्ट सांगा आणि व्यालेली दुसरी मांजर शोधा. पाजणारी मांजर परकी पिल्लं बऱ्याचदा स्वीकारते. तो उपाय फुकटचा आहे आणि माणसाच्या हातापेक्षा चांगला.

खाणं

मांजर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. दूध-भाकरीवर जगणारी मांजरं आपण पाहतो, ती प्रत्यक्षात उंदीर, पाली आणि चिमण्यांवर जगत असतात. पिंजऱ्यात ठेवलेल्या मांजराला ती सोय नसते.

चार किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं, महिन्याला दीड-पावणेदोन किलो. किलोला साडेतीनशे-चारशे धरले तर महिन्याचे सहाशेच्या आसपास. घरी चिकन उकडून घालायचं तर दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं आणि खर्च सातशे ते नऊशेवर जातो. म्हणजे पाकीट महाग आणि घरचं स्वस्त, ही समजूत मांजराच्या बाबतीत खरी नाही. चिकनच्या दुकानातून पोटा-कलेजी कमी दरात मिळते. त्यात कलेजीचा भाग थोडाच ठेवा, रोज फक्त कलेजी घातली तर ती बाधते. शिजवलेली हाडं नकोत. ओल्या पाउचवर पैसे घालवायचे ते फक्त आजारी आणि न खाणाऱ्या मांजरासाठी, नगाला चाळीस-पन्नास रुपये पडतात.

आपल्या पट्ट्यात लिंगायत आणि इतरही अनेक घरं शाकाहारी आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात चिकन शिजवायला सांगू नये. त्यातल्या काही घरांना पाकिटातलं कोरडं खाद्य चालतं, काहींना तेही नको असतं, आणि दोन्हींचा मान ठेवावा. अशा घरांकडे गाडीचा खर्च, लसीचा खर्च, फोनवर नोंदी ठेवण्याचं काम सोपवता येतं. बसवण्णांच्या कल्याणपासून इतक्या जवळच्या गावांत प्राणिमात्रांवरची दया नव्यानं शिकवावी लागत नाही. काम वाटून द्यावं लागतं.

चार मांजरं कायम सांभाळायला असतील असं धरून, माती-वाळूसह, महिन्याला अडीच हजार काढून ठेवा. शौचासाठी विकतची बेंटोनाइट माती पाच किलोला तीनशे-पाचशेला येते. चाळलेली नदीची वाळू किंवा कोरडी माती तेच काम करते, रोज बदलली की झालं.

घरातलं औषध मांजराला नको

एवढं एक वाचून कुणी लक्षात ठेवलं तरी या लेखाचं काम झालं असं मी म्हणेन. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळी मोठ्या मांजराला मारू शकते. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. कुत्र्याच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या अंगावर लावू नका, त्यानं झटके येतात. आणि मांजर ठेवलेल्या खोलीत फिनाइल वापरू नका. ते पंजाला लागतं, चाटण्यातून पोटात जातं.

शेतीच्या गावात विषबाधा नेहमीची आहे. उंदरांसाठी वापरली जाणारी झिंक फॉस्फाइडची काळसर पावडर पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार होतात. ब्रोमाडायोलोनच्या वड्यांनी मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला, तर तीन-चार दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. त्यावर के-१ जीवनसत्त्व आहे, पण ते काही आठवडे द्यावं लागतं. विषाचं पाकीट सापडलं तर ते सोबत घेऊन जा. डॉक्टरांना नाव कळलं की उपचार लगेच सुरू होतात.

लसी आणि साथ

तिहेरी लस आठ-नऊ आठवड्यांना आणि पुन्हा तीन-चार आठवड्यांनी. रेबीज बारा आठवड्यांनंतर. मोकाट सोडायच्या मांजराला पैसे कमी असतील तर निदान रेबीज द्याच. तिहेरी लस पिल्लांसाठी आणि घरात सांभाळायच्या मांजरांसाठी राखून ठेवा.

पॅनल्यूकोपेनिया ही मांजरांची सगळ्यात वाईट साथ. उलट्या, हगवण, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणं ही लक्षणं. पाच दिवस सलाईन आणि इंजेक्शनं यांचा खर्च तीन ते आठ हजार, आणि तरी पिल्लं हाताला लागतीलच असं नाही. हा विषाणू जमिनीवर, पिंजऱ्यावर महिनोन्‌महिने टिकतो. साबणानं किंवा फिनाइलनं जात नाही. ब्लीचनं जातो, एका भागाला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग धुवायचं. लिटरभर ब्लीच शंभराच्या आत येतं. नवं आलेलं प्रत्येक मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणं हा त्याहून स्वस्त उपाय आहे. वेगळी खोली नसेल तर नवं मांजर घेऊ नये.

माणसांचं काय?

मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. रेबीजची लस तिथं मोफत मिळते. मांजर लहान होतं, घरचं होतं, असं म्हणून टाळू नका. पकडण्याचं काम जे तिघं करणार त्यांनी आधीच तीन डोस घेऊन ठेवावेत. खासगीत डोस साडेतीनशे-चारशेला पडतो, म्हणजे माणशी अकराशेच्या आसपास. या खर्चात काटकसर नको.

गरोदर बाईनं मांजराची विष्ठा साफ करू नये. मांजराच्या अंगावर गोल, केस गेलेले चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं आणि मुलांना लागतं.

पैसे कुठून, कागद कुठले

आता बेरीज. वर्षाला चार फेऱ्यांत सोळा माद्या आणि आठ बोके, एक लाख सात हजार. खाणं तीस हजार. साहित्य बारा हजार. माणसांच्या लसी तीन-साडेतीन हजार. अपघात-आजारांसाठी राखीव वीस हजार. एकूण एक लाख बहात्तर-त्र्याहत्तर हजार. दहा जणांनी महिन्याला पाचशे दिले तर साठ हजार होतात. चोवीस घरांनी पाचशे दिले तर बारा. महाविद्यालयात शस्त्रक्रिया झाल्या तर तीस-चाळीस हजार वाचू शकतात. उरलेलं देणगीतून यायला हवं, आणि तेवढं येणार नसेल तर चाराऐवजी तीन फेऱ्या करा. फेरी कमी झाली तर चालेल, उधारी नको.

पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे धावू नका. दोघांच्या सहीचं बँक खातं, एक वही, प्रत्येक बिलाचा फोटो, एवढं पुरे. वर्ष निभावलं की मग ठरवा. कर्नाटकात संस्था नोंदवायची तर १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यानं किमान सात सभासद लागतात. न्यास करायचा तर न्यासपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. त्यानंतर पॅन आणि प्राप्तिकर खात्याकडे संस्थेची आणि देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी, त्यासाठी सीएची फी पाच ते पंधरा हजार धरा. या नोंदणीमुळे देणगीदाराला निम्म्या रकमेवर करसवलत मिळते, पण दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करपद्धतीत मुळीच नाही. तालुक्याच्या गावातल्या पाचशे-हजाराच्या देणगीदाराला त्यानं फरक पडत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाकडून संस्थेनं पैसे घ्यायचे तर त्याला वेगळी परवानगी लागते, खात्यावर सरळ मागवू नका. १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय पशु कल्याण मंडळाकडे मान्यतेसाठी अर्ज करता येतो, पण तोही काम दिसू लागल्यावर. नियमानं प्रत्येक जिल्ह्यात एसपीसीए असायला हवी. पशुसंवर्धन उपसंचालकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन तिची विचारणा करा आणि पोच घ्या.

दुसऱ्यांना देणगी देणाऱ्यांसाठीही दोन शब्द. फोनवर रक्तबंबाळ मांजराचा फोटो आणि क्यूआर कोड आला, की हात आपोआप खिशात जातो. आधी दवाखान्याचं नाव आणि आजच्या तारखेचं बिल मागा, आणि दवाखान्याला फोन करून पैसे थेट तिथंच भरता येतील का ते विचारा. खरं काम करणाऱ्याला या विचारण्याचा राग येत नाही.

दत्तक देताना पैसे घ्यायचे की नाही यावर गटांत वाद होतात. मला वाटतं, लसीचा खर्च घ्यावा आणि नसबंदीची अट लेखी घालावी. पिल्लू लहान असेल तर नसबंदीचे पाचशे रुपये आगाऊ ठेवून घ्यावेत आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी परत करावेत. पत्रकं मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्हींत काढा. शंभर पत्रकांच्या झेरॉक्सला दोनशे रुपये लागतात, आणि गल्लीगल्लीत तिन्ही वाचणारी घरं शेजारी-शेजारी असतात.

राखीव वीस हजारांना हात लावण्याची वेळ लवकरच येते. मोडलेल्या पायाच्या शस्त्रक्रियेला आठ ते पंचवीस हजार सांगितले जातात. एफआयपी या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारावर आता औषध आहे, पण ते सहसा चौऱ्याऐंशी दिवस द्यावं लागतं आणि खर्च दहा हजारांच्या पटींत जातो. एका मांजरावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा पहिल्याच बैठकीत, कुठलंही मांजर समोर नसताना ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या मते ती पहिल्या वर्षी सहा हजार असावी. त्यापुढचा खर्च हवा असेल तर त्या मांजरासाठी वेगळी वर्गणी काढावी, ती जमली नाही तर डॉक्टरांशी बोलून वेदनारहित मरण द्यावं, आणि पुढच्या फेरीचे पैसे त्यात घालू नयेत.